आलेखाचा सपाट माथा

भाच्याने दुसऱ्या मालकाकडून एक टर्बो पेट्रोल गाडी घेतली आणि ती डायनोवर, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चढवायला निघाला. "मामा, चला, मजा येते," म्हणाला, म्हणून मी सोबत गेलो. माझं तिथे तसं काही काम नव्हतं. पुढची चाकं रोलरवर, मागून दोन्ही बाजूंनी पट्टे आवळलेले, बॉनेट उघडं आणि समोर माणसाच्या उंचीचा पंखा. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला की आवाज कानाआधी छातीत शिरतो. तापलेल्या रबराचा वास, जमिनीतून पायांत चढणारी थरथर. गाडी जागची हलत नाही, तरी बघणाऱ्याचं अंग आपोआप पुढे झुकतं. मग एकदम शांतता, पंख्याची घरघर आणि पडद्यावर दोन रेषा. ताकदीची रेषा तिरकी वर गेलेली. टॉर्कची, म्हणजे इंजिनाच्या पिळण्याच्या जोराची, रेषा मात्र झपकन चढली, एका उंचीवर पोचली आणि तिथून पट्टीने आखावी तशी आडवी धावत सुटली, साधारण १५०० आरपीएमपासून ४५०० पर्यंत. मग उतरली. ट्यूनरने, म्हणजे गाडीची ताकद वाढवून देणाऱ्या माणसाने, त्या आडव्या रेषेवर बोट टेकवलं. "हे बघा, वरून कापलंय. माल आत आहे. कंपनीने दाबून ठेवलाय."

भाच्याचे डोळे चमकले. माझ्या डोक्यात मात्र ती रेषा अडकून बसली.

टर्बो नसलेल्या इंजिनाच्या टॉर्कचा आलेख डोंगरासारखा असतो. हळूहळू चढ, कुठेतरी माथा, पलीकडे उतार. तो माथा कुठे यावा हे कॅमशाफ्टचा आकार, व्हॉल्व्हचं माप, हवा आत नेणाऱ्या नळ्यांची लांबी यांनी ठरवलेलं असतं. एकदा धातू ओतला की निर्णय संपला. टर्बोच्या आलेखाचा माथा इतका सपाट आपोआप कधीच येत नाही. एक्झॉस्टच्या गरम वायूवर टर्बाइन फिरतं, त्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतो, हवा वाढली की पेट्रोल वाढतं, स्फोट मोठा होतो, एक्झॉस्ट आणखी जोरात येतो आणि टर्बाइन आणखी वेगाने फिरतं. या चक्राला कुणी आवर घातला नाही तर ते स्वतःलाच फाडून टाकेल. म्हणून वेस्टगेट नावाची एक झडप असते, जादा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून बाहेर सोडणारी. आजच्या गाडीत ही झडप कधी आणि किती उघडायची हे ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, ठरवतो. पडद्यावरची ती आडवी रेषा म्हणजे ३००० आरपीएमच्या पट्ट्यात ईसीयू सतत म्हणत होता, बस, एवढंच. तेव्हा ट्यूनर खोटं बोलत नव्हता. वरून कापलेलंच होतं. कुणासाठी कापलं, एवढाच प्रश्न होता.

साध्या इंजिनातून जास्त ताकद काढायची तर घाम गाळावा लागतो. हेड उतरवा, पोर्ट घासा, कॅम बदला, एक्झॉस्ट नवा करा, आणि इतकं करून हाती काय, तर थोडीशी वाढ आणि बिघडलेलं आयडलिंग. ज्याला ते करायचं तो पुरता वेडा असावा लागतो, आणि असे वेडे मोजकेच. टर्बोने ताकद धातूतून काढून आकड्यात आणली. बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, थोडा वाढवा, ठिणगी थोडी आधी पाडा, टॉर्कची मर्यादा वर सरकवा. पाना-पक्कड हातात न घेता वीस-तीस टक्के ताकद वाढते. टर्बो गाडी घेणारा प्रत्येक माणूस त्यामुळे मॉडिफिकेशनचा संभाव्य उमेदवार झाला. कंपनीला जी भीती वाटते ती इथून सुरू होते, असं मला वाटतं. मोजक्या वेड्यांना ती कधीच घाबरली नव्हती.

जुन्या टर्बो गाड्यांत हे आकड्यांचंही काम नव्हतं. माझ्या एका मित्राकडे जुनी टर्बो गाडी होती. कॉम्प्रेसरपासून वेस्टगेटच्या डब्यापर्यंत करंगळीएवढी एक रबरी नळी जायची. त्याने ती मधोमध कापली, टी जोडला आणि टीच्या मोकळ्या तोंडावर मासे ठेवायच्या टाकीतल्या हवेच्या पंपाची प्लॅस्टिकची चिमुकली तोटी बसवली. तोटी जराशी उघडली की नळीतला थोडा दाब बाहेर निसटायचा. वेस्टगेटला वाटायचं अजून दाब भरलेलाच नाही, आणि ते उशिरा उघडायचं. पाव वेढा फिरवला की गाडी बदलायची. एका रिकाम्या सरळ रस्त्यावर आम्ही ती पळवली होती. आधी काहीच नाही, मग शिट्टीसारखा बारीक आवाज वाढत वाढत आला, आणि कुणी तरी पाठीत दोन्ही हातांनी ढकलावं तसं शरीर सीटमध्ये दाबलं गेलं. आणि अचानक इंजिन मेल्यासारखं झालं, आम्ही दोघे डॅशबोर्डवर आपटता आपटता राहिलो. बूस्ट हद्दीपलीकडे गेला म्हणून गाडीने स्वतःच पेट्रोल तोडलं होतं. मित्र हसत सुटला. मीही. तो आनंद खोटा होता असं आजही म्हणवत नाही. गाडीच्या पोटात दडलेलं काहीतरी आपण आपल्या बोटांनी सोडवलं, यात एक आदिम मौज आहे, आणि ज्याने ती कधी घेतली नाही त्याने मॉडिफिकेशनवाल्यांना शहाणपण शिकवू नये.

पण ज्या मिस्त्रीकडे तो गाडी न्यायचा त्याच्या टेबलावर एक पिस्टन होता. बिलं वाऱ्याने उडू नयेत म्हणून ठेवलेला. वरून बघितलं तर धडधाकट. फक्त कडेला जरा पांढुरके, सुईने टोचल्यासारखे ठिपके. हातात घेऊन फिरवला की कळायचं. वरच्या दोन रिंगांच्या मधली ॲल्युमिनिअमची पातळ भिंत नखभर तुकडा निघून गेल्यासारखी तुटलेली, आणि तुटलेल्या जागेवर रवाळ, चमकता धातू. मिस्त्री म्हणायचा, "हा आवाज करत नाही. आधी ऑइल प्यायला लागतो, मग धूर, मग माझ्याकडे येतो." पेट्रोल आणि हवेचं मिश्रण ठिणगीने पेटून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे शांतपणे जळत जायला हवं. दाब आणि उष्णता फार झाली की उरलेलं मिश्रण वाट न बघता स्वतःच भडकतं. हेच नॉकिंग. टर्बोने हवा जितकी दाबाल तितकं हे जवळ येतं, आणि त्याची पहिली किंमत मोजते ती ही रिंगांमधली पातळ भिंत.

टर्बो मोटारीत आला त्याच वर्षापासून हे भांडण चालू आहे. १९६२ साली ओल्ड्समोबिलने जेटफायर आणली, टर्बो असलेल्या पहिल्या दोन प्रवासी गाड्यांतली एक; दुसरी त्याच वर्षीची शेवरले कॉर्वेअर. साडेतीन लिटरचं ॲल्युमिनिअमचं व्ही-एट, २१५ अश्वशक्ती, आणि कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) १०.२५, म्हणजे टर्बो इंजिनासाठी तेव्हा धाडसच. नॉकिंग टाळायला कंपनीने डिस्टिल्ड वॉटर आणि मिथेनॉल यांचं मिश्रण इंजिनात फवारायची सोय केली आणि त्याला 'टर्बो रॉकेट फ्लुइड' असं भपकेबाज नाव दिलं. त्याची वेगळी टाकी. मालकाने ती भरत राहायची, एवढीच अपेक्षा. मालकांनी ती भरली नाही. टाकी रिकामी झाली की गाडी बूस्ट रोखून धरायची आणि लोक तक्रार घेऊन यायचे की गाडी ओढत नाही. शेवटी टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्यापर्यंत पाळी आली. हे वाचलं तेव्हा हसू आलं, पण कंपन्या त्या प्रसंगातून काय शिकल्या असतील ते सरळ आहे. ज्याची काळजी मालकाने घ्यायची आहे अशी कुठलीही गोष्ट त्याच्या भरवशावर सोडायची नाही. ८० च्या दशकाच्या सुरुवातीला साबने इंजिनाच्या ब्लॉकवर नॉकिंग ऐकणारा सेन्सर बसवला आणि पेट्रोल हलकं असेल तर बूस्ट आपोआप कमी करणारी यंत्रणा दिली. त्या सेन्सरची नातवंडं आज प्रत्येक टर्बो पेट्रोल गाडीत आहेत.

धातूत किती ताकद मावते, याचं उत्तर एक आकडा नाही. किती वेळ, हे सोबत विचारावं लागतं. १९८६ साली फॉर्म्युला वनमध्ये बीएमडब्ल्यूचं दीड लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन पात्रता फेरीत हजाराहून कितीतरी जास्त अश्वशक्ती देत होतं. त्याचा ब्लॉक मुळात रस्त्यावरच्या साध्या गाडीच्या इंजिनाचा, बिडाचा. पण ती इंजिनं एखाद-दुसऱ्या लॅपसाठी जोडलेली असायची. फेरी संपली की इंजिनाचं आयुष्य संपलं. शर्यतीसाठी बूस्ट उतरवलेलं दुसरं इंजिन. दीड लिटरमधून हजार आणि दीड लिटरमधून दीडशे, दोन्ही खरं. डायनोच्या पडद्यावर मात्र वेळेचा अक्ष नसतो. तिथे गाडी जेमतेम दहा-पंधरा सेकंद पूर्ण दाबली जाते, आणि वाढलेली रेषा बघून टाळ्या पडतात.

कंपनीचा इंजिनिअर ज्याच्यासाठी आकडे लिहितो तो माणूस त्याने कधी पाहिलेला नाही. कदाचित तो पहिला मालकही नाही. तिसरा मालक, ज्याच्याकडे सर्व्हिसचं पुस्तक नाही, जो ऑइल बदलायचं पुढच्या महिन्यावर ढकलतो, मिळेल ते पेट्रोल भरतो, मागे ट्रेलर जोडतो आणि भर उन्हाळ्यात घाट चढतो. घाटाचं गणित तर फारच मजेचं आहे. समुद्रसपाटीला हवा साधारण १ बार असते. इंजिनाला २ बार द्यायची तर टर्बोने ती दुप्पट दाबली की झालं. ३००० मीटर उंचीवर हवाच जेमतेम ०.७ बार. तिथे तेच २ बार हवे असतील तर जवळजवळ तिप्पट दाबावी लागेल, म्हणजे टर्बो आणखी जोरात फिरवावा लागेल. छोटे टर्बो आधीच मिनिटाला दोन लाखांहून जास्त फेरे घेतात. खाली सपाटीवर ट्यूनरने वापरून टाकलेली ढील वर घाटात लागणार होती. एक्झॉस्टचंही तेच. पेट्रोल टर्बोचं टर्बाइन ९५० ते १०५० अंश सेल्सिअसच्या आत ठेवायचं असतं; त्या घरात धातू लाल होतो, आणि पुढचे प्रत्येक वीस अंश महाग पडतात.

हे सगळं खरं असेल तर मग जुन्या जपानी गाड्यांचं काय, असा प्रश्न कुणीही विचारेल, आणि भाच्याने गाडीतच विचारला. ९० च्या दशकातली टोयोटा सुप्रा, निसान स्कायलाइन जीटी-आर. सुप्राच्या बिडाच्या ब्लॉकमधून आतला एकही पार्ट न बदलता लोक दुप्पट ताकद काढतात, हे खरं आहे. पण त्यामागे एक गंमत होती. जपानी कंपन्यांनी १९८९ च्या सुमाराला आपसात ठरवलं होतं की २८० पीएसच्या (जवळपास तेवढ्याच अश्वशक्तीच्या) वर कुणी आकडा सांगायचा नाही. २००४ मध्ये होंडाने ३०० पीएसची लेजंड आणली तेव्हा तो अलिखित करार मोडला. म्हणजे मधली पंधरा वर्षं इंजिनिअर ताकदीचं इंजिन घडवत होते आणि जाहिरातवाले २८० लिहीत होते. सुप्रा तिच्या देशात २८० आणि अमेरिकेत ३२०. जीटी-आरचं इंजिन तर शर्यतीत उतरवायचं म्हणूनच जाड घडवलेलं. तरीही त्या गाडीतही एक नाजूक जागा होतीच. टर्बाइनचं चाक सिरॅमिकचं. हलकं, म्हणून पटकन फिरायचं. बूस्ट वाढवला की फुटायचं. इंजिन म्हणायचं चला, टर्बो म्हणायचा थांबा.

आपल्याला त्या पिढीची सवय लागली, हा आपला घोटाळा. ती ढील दानधर्म म्हणून ठेवलेली नव्हती. एकतर त्या कराराने आकडा अडवला होता, आणि दुसरं म्हणजे कनेक्टिंग रॉड नेमका किती जाड हवा हे तेव्हा इतकं बारीक काढता येत नव्हतं, म्हणून चार पैसे जास्तीचे घातले जायचे. आता ते संगणकावर काढता येतं. ग्रॅम वाचला की पेट्रोल वाचतं, उत्सर्जन कमी दिसतं, लाखो गाड्यांवर पैसा वाचतो. म्हणून रॉड हवा तेवढाच जाड. टर्बो लहान, कारण गिऱ्हाईकाला सिग्नलवरून निघताना १५०० आरपीएमलाच पिकअप हवा असतो. तोच टर्बो ६००० ला दमतो आणि तिथे बूस्ट वाढवला तर जास्त हवेऐवजी नुसती जास्त गरम हवा देतो. कित्येक इंजिनांत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे एक्झॉस्ट गोळा करणारा नळ्यांचा जुडगा, वेगळा राहिलेलाच नाही. तो सिलिंडर हेडच्या आतच ओतलेला असतो, भोवती पाणी खेळवलेला, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं आणि टर्बाइनकडे जाणारा वायू थोडा निवतो. कुणाला मोठा टर्बो बसवायचा तर बसवायचा कुठे? गिअरबॉक्सही मोजून घेतलेला. फोक्सवॅगन समूहाचा कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स २५० न्यूटन मीटर टॉर्कसाठी आहे, आणि त्याच्या जोडीच्या कित्येक इंजिनांचा आलेख बरोब्बर २५० वर सपाट होतो. माथा इंजिनाने कापलेलाच नाही. क्लच प्लेटने कापलाय.

आणि कमी आरपीएमलाच माथा का कापावा लागतो, याचं एक कारण ट्यूनरच्या पडद्यावर कधीच दिसणार नाही. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या लहान टर्बो इंजिनांत एक नवीन दुखणं निघालं. गाडी हळू चाललीय, गिअर वरचा आहे, चालवणाऱ्याने पाय दाबला, आणि ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटलं. ऑइलचा एखादा थेंब किंवा काजळीचा कण निमित्त होतो. नेहमीच्या कितीतरी पट दाब, एका फटक्यात. नॉक सेन्सरने ऐकेपर्यंत रिंगांमधली भिंत गेलेली असते, मिस्त्रीच्या टेबलावरच्या त्या पिस्टनसारखी. शोध घेता घेता कळलं की ऑइलमधलं कॅल्शिअमचं डिटर्जंट हे वाढवतं आणि मॅग्नेशिअमचं तसं वाढवत नाही. २०१८ मध्ये त्यासाठी 'एसएन प्लस' नावाचा ऑइलचा नवा दर्जाच आला. डब्यावरची ती दोन अक्षरं आणि एक शब्द कोण वाचतो? कंपनीला माहीत आहे की कोणी वाचत नाही. म्हणून ती खालच्या आरपीएमला टॉर्क रोखून धरते, आणि रिमॅप करणारे, म्हणजे ईसीयूतले आकडे बदलून देणारे, नेमका तोच टॉर्क वाढवून देतात, कारण गाडी 'जाणवते' ती तिथेच.

इथपर्यंत आलो की मी पूर्णपणे कंपनीच्या बाजूचा होतो. पण मग शोरूममधली किमतींची यादी आठवते.

एकच इंजिन, तीन बिल्ले, तीन ताकदी. यातल्या काही ठिकाणी फरक खरा असतो. गोल्फ जीटीआय आणि गोल्फ आर यांच्या मागच्या पिढीत इंजिनाचं कूळ एकच, पण 'आर'ला मोठा टर्बो, वेगळे पिस्टन, वेगळं हेड, वेगळे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. जास्त पैसे घेतले, जास्त धातू दिला. हिशोब चोख. पण काही ठिकाणी पार्ट नंबर तपासत गेलं की टर्बो तोच, पिस्टन तोच, इंजेक्टर तोच. वेगळी फक्त फाइल. स्वस्त गाडीने महाग गाडीला ओव्हरटेक करू नये, एवढ्यासाठी तिचे पाय बांधलेले. व्होल्वोने काही वर्षं 'पोलस्टार'चं अधिकृत सॉफ्टवेअर विकलं, डीलरकडे जायचं, ताकद वाढवून घ्यायची, वॉरंटी शाबूत. ते मला प्रामाणिक वाटतं. निदान ती ढील होती हे कबूल तरी केलं. मर्सिडीजने २०२२ मध्ये अमेरिकेत तिच्या इलेक्ट्रिक गाड्यांसाठी वेग वाढवून देण्याचं वर्षाला १२०० डॉलरचं भाडं जाहीर केलं. त्यात टर्बो नाही, पण वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते कळतं. मी विकत घेतलेल्या मोटरमध्ये जी ताकद आहे ती मला भाड्याने. ही ढील तिसऱ्या मालकासाठी ठेवली होती, असं मला कोणी सांगू नये.

भाच्याच्या गाडीचं त्या दिवशी काही झालं नाही. ट्यूनरने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला केबल लावली, लॅपटॉपवर पट्टी थोडी पुढे सरकली आणि थांबली. "नवीन कुलूप आहे. अजून फुटलं नाही. ईसीयू काढून बाहेर पाठवावा लागेल." पूर्वीच्या ईसीयूची चिप काढून नवी बसवता यायची, नंतर सॉकेटमधूनच फाइल लिहिता यायला लागली. आता फाइलवर कंपनीची डिजिटल सही असते. सही जुळली नाही तर ईसीयू ती फाइल चालवतच नाही. यामागे कायदा आहे आणि कायद्यामागे कारण आहे. २०१५ चं डिझेलगेट, म्हणजे फोक्सवॅगनने सॉफ्टवेअर वापरून प्रदूषणाची चाचणी फसवली ते प्रकरण, आपण सगळ्यांनी पाहिलं; गाडी काय सोडते हे सॉफ्टवेअर ठरवतं हे कळल्यावर सॉफ्टवेअर मोकळं कोण ठेवेल? रिमॅप करताना टर्बाइन थंड ठेवायला जादा पेट्रोल ओततात, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकतात, आणि गाडीच्या मागून काय येतं ते मागच्या स्कूटरवाल्याच्या फुप्फुसाला विचारा. गाड्यांची सायबर सुरक्षा आणि सॉफ्टवेअर अपडेट यांवरचे संयुक्त राष्ट्रांचे आर१५५ आणि आर१५६ हे नियम युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीला लागू आहेत. शिवाय ॲक्सिलरेटरला आता वायर आहे, केबल नाही. पाय दाबणं ही निव्वळ मागणी; ईसीयूचा एक भाग टॉर्क देतो आणि दुसरा भाग सतत तपासतो की मागितल्यापेक्षा जास्त तर दिला जात नाही ना. जास्त दिसला की तो पेट्रोल तोडतो, कारण आपोआप सुटलेली गाडी माणसं मारते. रिमॅप करणाऱ्याला या पहारेकऱ्याचेही कान पिळावे लागतात. हे वाक्य लिहितानाही मला बरं वाटत नाही.

वॉरंटीचा भाग तर दोन्हीकडून लबाडीचा. बूस्ट सेन्सर आणि ईसीयू यांच्यामध्ये एक छोटी डबी बसवतात, ती ईसीयूला दाब खरा आहे त्यापेक्षा कमी सांगते. मित्राच्या तोटीचीच शिकलेली मुलगी. क्लच जळाला की सर्व्हिसला जायच्या आदल्या रात्री डबी काढायची आणि चेहरा साळसूद ठेवायचा. म्हणून ईसीयू आता फाइल किती वेळा लिहिली गेली ते मोजून ठेवतो, आणि गाडीची नोंद कायमची डागाळते, मग मोडलेला पार्ट सीटची मोटर का असेना. लबाडीत मोठ्यांनीही हात धुतलेत. १९९५ च्या जागतिक रॅली स्पर्धेत टर्बोत जाणारी हवा ३४ मिलिमीटरच्या कड्याने अडवलेली असायची. टोयोटाच्या संघाने स्पेनच्या रॅलीत अशी जोडणी केलेली सापडली की पाइप बसवला की कडं स्प्रिंगच्या जोरावर जरा मागे सरकायचं आणि फटीतून जादा हवा आत जायची. तपासायला उघडलं की कडं पुन्हा जागच्या जागी. संघावर बारा महिन्यांची बंदी आली. तपासणारेसुद्धा त्या कारागिरीने थक्क झाले होते. जी कंपनी गिऱ्हाईकाच्या इंजिनाला कुलूप लावते तिचेच लोक दुसरीकडे कुलपं अशी उघडतात, यात मला राग कमी आणि गंमत जास्त वाटते.

माझी तक्रार कुलपाबद्दल नाही. एकाच कुलपाआड सगळं कोंबलंय याबद्दल आहे. पिस्टन वाचवणारा आकडा, क्लच वाचवणारा आकडा, हवा स्वच्छ ठेवणारा आकडा आणि महाग मॉडेलची इज्जत वाचवणारा आकडा, चारही त्याच फाइलमध्ये, त्याच सहीखाली. सिरॅमिकचं चाक फुटलं की कळायचं हद्द कुठे होती. आता ट्यूनर म्हणतो सगळं पैशासाठी, कंपनी म्हणते सगळं सुरक्षेसाठी, आणि मालकाकडे दोघांपैकी कुणालाही खोडून काढायला काही नाही. भाचा अठ्ठावीस वर्षांचा आहे, हुशार आहे. त्याला 'तुझा क्लच २५० चा आहे' असं कुणी लिहून दिलं असतं तर तो स्वतः थांबला असता. 'कंपनीने दाबून ठेवलंय' एवढंच ऐकलं, तर ईसीयू पाठवायचा पत्ता शोधत बसेल. बसलाच आहे.

सांगता येत नाही असं नाही. झेडएफ ही जर्मन कंपनी गिअरबॉक्स बनवते, कितीतरी नामांकित गाड्यांत तिचे आठ गिअरचे ऑटोमॅटिक आहेत. त्यांची नावं ८एचपी४५, ८एचपी७०, ८एचपी९० अशी. पहिला आकडा गिअरचा. शेवटच्या आकड्यावर एक शून्य चढवलं की तो गिअरबॉक्स साधारण किती न्यूटन मीटर झेलण्यासाठी बनवलाय ते मिळतं: ४५०, ७००, ९००. घरावर नावाची पाटी लावावी तशी हद्द बाहेर लिहिलेली. जे इंजिन त्याच गिअरबॉक्सला बोल्टने जोडलेलं असतं, त्याच्यावर मात्र फक्त त्या दिवशी विकलेल्या ताकदीचा आकडा असतो.